इस्रायल-पॅलेस्टाईनवर वाद घालायचाय? आधी साल ठरवा

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण नाशकात सोमेश्वरच्या बाजूला मिसळीला जमतो, वीसेक वर्षांची सवय आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलवर हल्ला केला, गाझात युद्ध पेटलं, त्यानंतर आमच्यातले दोघं एका टेबलावर बसेनासे झाले. एक निफाडचे नाना, द्राक्षवाले, तरुणपणी इस्रायलला जाऊन ठिबक बघून आलेत, तिथे एका किबुत्झमध्ये (सगळे मिळून शेती करणाऱ्यांची वस्ती) जेवलेत, त्या माणसांसोबतचा फोटो अजून घरात लावलेला आहे. दुसरे भद्रकालीतले चाचा, शिलाईचं दुकान, रात्री मशीन बंद केलं की मोबाईलवर गाझाचे व्हिडिओ बघत बसायचे आणि सकाळी डोळे लाल असायचे. दोघंही सोन्यासारखी माणसं आणि दोघांचं दुःख खरं होतं. त्यांना परत एकत्र बसवायला बरेच महिने गेले, त्यात जे उमगलं ते लिहितोय, तुमच्या घरात किंवा ग्रुपमध्ये उपयोगी पडेल म्हणून.

सगळ्यात आधी समोरच्याला विचारा की तुमची गोष्ट कुठल्या सालापासून सुरू होते. बांधाच्या भांडणात कसं असतं, एक भाऊ म्हणतो याने परवा दगड सरकवला, दुसरा म्हणतो याच्या आजोबाने आधी सरकवलेला, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. इथेही तेच. ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू केलं तर हमास दोषी, १९६७ पासून सुरू केलं तर युद्धात वेस्ट बँक आणि गाझा या पॅलेस्टिनी भागांवर कब्जा करणारं इस्रायल दोषी, १९४८ पासून केलं तर एक म्हणणार अरब देशांनी हल्ला केला, दुसरा म्हणणार आम्हाला घरातून काढलं, आणि १९१७ पासून केलं तर दोष बाल्फोर जाहीरनामा काढून पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणाऱ्या इंग्रजांवर जातो. म्हणजे साल निवडलं की आरोपी निवडून झाला. हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या, निम्मा आरडाओरडा तिथेच कमी होतो.

मग सालं कागदावर उतरवा, तोंडी नको. चाचांनी कापड बेतायचा ब्राऊन पेपर आणला, दोन टेबलं जोडून पसरला आणि शिंप्याच्या खडूने सरळ रेघ मारली, रेघेवर आम्ही सालं टाकत गेलो. १९१७, १९४७, १९४८, १९६७, १९७९, १९९३, १९९५, २०००, २००५, २००७, २०२३. नियम एकच, ज्याला जी बाजू पटते त्याने त्या सालाची गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगायची. हा नियम अजिबात सोडू नका, सगळं यावर आहे.

नानांच्या वाट्याला १९४८ आलं, पॅलेस्टिनी बाजूने. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला, त्यात ज्यू लोकसंख्या साधारण एक तृतीयांश असताना त्यांना निम्म्याहून जास्त जमीन दिली, अरबांनी तो नाकारला (भारतानेही विरोधात मत दिलं होतं, हे आमच्यात बऱ्याच जणांना माहीत नव्हतं), मग युद्ध झालं आणि सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले, त्यांना परत येऊ दिलं नाही. त्यालाच ते नकबा म्हणतात, म्हणजे महासंकट. नानांनी वाचलं होतं की काही कुटुंबांनी त्या घरांच्या किल्ल्या अजून जपून ठेवल्यात. हे सांगताना आमचा देवळालीचा सिंधी मित्र एकदम म्हणाला, माझ्या आजीकडे पण सिंधमधल्या शिकारपूरच्या घराची किल्ली होती. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

चाचांनी ज्यू बाजू सांगितली. युरोपात ६० लाख ज्यू मारले गेल्यावर आपलं म्हणून एक ठिकाण हवं ही भूक कुठून आली, आणि पुढच्या काही दशकांत इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को अशा देशांतून ८ लाखांच्या आसपास ज्यू तिथलं घरदार मागे टाकून निघाले, त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. चाचा म्हणाले, "हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं."

शब्द जपून वापरा. इस्रायल सरकार म्हणजे सगळे ज्यू नव्हेत आणि हमास म्हणजे सगळे पॅलेस्टिनी नव्हेत. इस्रायलच्या नागरिकांमध्ये दर पाचातला एक अरब आहे, आणि बेथलेहेमला पॅलेस्टिनी ख्रिश्चन राहतात. आपल्या अलिबागकडचे बेने इस्रायल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे, घरात मराठी बोलणारी माणसं, त्यांना नेतन्याहूंचा जाब विचाराल का? मग चाचांना "आधी हमासचा निषेध करा" असं का विचारायचं? आमच्यातल्या एकाने ते विचारलं होतं, आणि चाचा टेबल सोडून गेले ते त्या वाक्यावर, नानांवर रागावून नाही. त्या माणसाने दुकानात जाऊन माफी मागितली तेव्हा गाडी पुढे सरकली. असा प्रश्न कोणी विचारलाच तर बाकीच्यांनी लगेच थांबवा, ज्याला विचारलंय त्याच्यावर सोडू नका.

आता दोषाचं. एक गुन्हा सांगितला की त्यावर दुसरा गुन्हा फेकायचा नाही, आधीचा नीट ऐकून घ्यायचा. ७ ऑक्टोबरला सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेले, हे म्हणताना "पण" जोडू नका. त्यानंतर गाझात ६० हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात हजारो लहान मुलं, हे म्हणतानाही "पण" जोडू नका. हा दुसरा आकडा गाझाच्या आरोग्य मंत्रालयाचा आहे, त्यात लढणारे आणि सामान्य माणसं वेगळी मोजलेली नाहीत, तेवढं सांगून पुढे जा, आकड्यावर तासभर घासाघीस करत बसलात तर मेलेली माणसं बाजूला राहतात. आणि फोटो आला की फॉरवर्ड करण्याआधी गुगल लेन्समध्ये टाकून बघा, आमच्या ग्रुपवर गाझाचा म्हणून आलेला एक फोटो सीरियातला निघाला होता.

शांततेचा विषय मात्र त्याच दिवशी घेऊ नका, दुसरा रविवार ठेवा. दोष ठरवताना माणूस मागे बघत असतो, तोडगा काढताना पुढे बघावं लागतं, एकाच बैठकीत दोन्ही होत नाही. १९९३ च्या इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या ऑस्लो करारात जे प्रश्न नंतर बघू म्हणून मागे ठेवले तेच अजून आहेत: सीमा, जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (कब्जातल्या जमिनीवर वसवलेल्या ज्यू वस्त्या), सुरक्षा. एकेकाला एक विषय वाटून द्या आणि त्याने फक्त तेवढ्यावरच बोलायचं. वसाहतींवर जास्त वेळ ठेवा, कारण ऑस्लोच्या वेळी वेस्ट बँकेत लाखभर ज्यू वसाहतवाले होते, आता पाच लाखांच्या आसपास आहेत (पूर्व जेरुसलेम सोडून), आणि माझं स्पष्ट मत आहे की दोन देशांच्या तोडग्याला (इस्रायलच्या शेजारी वेगळा पॅलेस्टाईन) सगळ्यात जास्त सुरुंग यांनीच लावलाय. सुरक्षेवाला म्हणेल की २००५ मध्ये गाझातून इस्रायलने वसाहती काढल्या, २००७ पासून तिथे हमासची सत्ता आली आणि रॉकेटं येतच राहिली, तेही खरंय, त्यालाही पूर्ण बोलू द्या.

"तिथे कधीच काही होणार नाही" असं कोणी म्हणालं तर इजिप्त सांगा. १९७३ मध्ये इस्रायलशी युद्ध केलेले इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादत १९७७ मध्ये स्वतः जेरुसलेमला गेले, १९७९ ला करार झाला, १९६७ मध्ये इस्रायलने घेतलेलं सिनाई इजिप्तला परत मिळालं, आणि तो करार आजही टिकून आहे. सोबत हेही सांगा की सादत यांना १९८१ मध्ये आणि ऑस्लो करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना १९९५ मध्ये त्यांच्याच देशातल्या, त्यांच्याच धर्माच्या माणसांनी मारलं, म्हणजे करार करणाऱ्याला धोका समोरून कमी आणि घरातून जास्त. बांधाचं उदाहरण इथे पुरत नाही, कारण आपल्याकडे मोजणीवाला आहे, कोर्ट आहे, तिथे दोघांनाही ऐकावं लागेल असं वर कोणी नाही. पण जॉर्डन नदीपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या त्या पट्टीत साधारण सत्तर लाख ज्यू आणि जवळपास तेवढेच अरब राहतात, कोणीच कुठे जाणार नाहीये, हा आकडा मी मुद्दाम कागदाच्या मधोमध मोठा लिहायला लावला.

मागच्या बैठकीत चाचांनी नानांना विचारलं, "तुम्ही ते ठिबक बघितलं ना, त्यात पाणी कुठलं होतं?" नाना म्हणाले, तेव्हा विचारायचं सुचलंच नाही. पुढच्या रविवारी ते लिहून घेऊन आले: गॅलिलीच्या तळ्यातून कालव्याने आणलेलं, आता समुद्राचं गोडं केलेलंही, आणि बराच वाटा डोंगराखालच्या भूजलाचा, जे भूजल मोठ्या प्रमाणात वेस्ट बँकेच्या पोटात आहे आणि ज्याचा उपसा इस्रायलच्या ताब्यात आहे. मिसळ गार होईपर्यंत दोघं आपल्या कॅनॉलच्या पाळीबद्दल बोलत होते, वरच्याने जास्त उचललं की शेपटाकडच्याला काय उरतं ते. मग चाचांनी खडू घेतला आणि ब्राऊन पेपरवर ऑस्लोच्या पाच विषयांखाली सहावा लिहिला, पाणी, आणि पुढच्या रविवारसाठी तो नानांच्या नावावर टाकला, पॅलेस्टिनी बाजूने.