कॉन्फिगमधले पासवर्ड एन्क्रिप्ट करण्याआधीची तयारी

कॉन्फिग म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंगची फाइल; इथे तिची प्रत्येक ओळ ‘नाव=मूल्य’ अशी धरली आहे. सगळी फाइल एन्क्रिप्ट (कीशिवाय वाचता येणार नाही अशी) करू नका. डेटाबेसचा पासवर्ड, एपीआय की, टोकन एवढंच निवडा. होस्ट आणि पोर्ट उघडे राहू द्या, म्हणजे बिघाड शोधताना फाइल वाचता येते. एखादं सिक्रेट पूर्वी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट झालं, म्हणजे नोंदलं गेलं, असेल तर ते आधी बदला. जुन्या कमिटमध्ये ते तसंच पडून असतं, आता झाकून उपयोग नाही.

सर्व्हर आणि लॅपटॉप, दोन्हीकडे ओपनएसएसएल (एन्क्रिप्ट करणारं कमांडचं साधन) 1.1.1 किंवा पुढचं हवं. पीबीकेडीएफ2 चा, म्हणजे दिलेल्या कीवर पुन्हा पुन्हा प्रक्रिया करून खरी की बनवण्याचा, पर्याय तिथून आला. इटरेशनचा (ही प्रक्रिया किती वेळा करायची त्याचा) आकडा दिला नाही तर 10,000 धरला जातो, आणि तो एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरात साठवला जात नाही. म्हणून एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट करणाऱ्या दोन्ही स्क्रिप्टमध्ये तोच आकडा स्पष्ट लिहा.

एन्क्रिप्शनची की म्हणून 32 रँडम बाइट बेस64 मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) घ्या आणि रिपॉझिटरीबाहेरच्या (गिटमधल्या कोडच्या फोल्डरबाहेरच्या) फाइलमध्ये ठेवा. उमास्क 077 (नवी फाइल फक्त मालकालाच वाचता यावी अशी सेटिंग) फाइल बनवण्याआधी लावा, नंतर नव्हे. स्क्रिप्टला की फाइलमधूनच द्या. कमांडवर लिहिली तर पीएसमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) दिसते. कीची एक प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये हवीच, कारण ती हरवली की सगळं गेलं.

एन्क्रिप्ट करायचं मूल्य ओपनएसएसएलला पाठवताना इको कमांड नको, प्रिंटएफ वापरा. इको शेवटी नवी ओळ जोडतो आणि तीही पासवर्डचा भाग बनते. बेस64 चं आउटपुट एकाच ओळीत मागा, नाहीतर 64 अक्षरांवर ओळ तुटते.

खरी गोची पुढे आहे. 15 बाइटपर्यंतचा पासवर्ड एईएस-256-सीबीसी या पद्धतीने एन्क्रिप्ट केला की सॉल्टसकट (पुढे जोडलेले रँडम बाइट आणि त्यांची खूण) 32 बाइट होतात, म्हणजे बेस64 ची 44 अक्षरं, आणि शेवटी एकच बरोबरचं चिन्ह (=). नाव आणि मूल्य वेगळं करायला बॅशमध्ये आयएफएसला (ओळ कुठे तोडायची ते सांगणारी सेटिंग) तेच चिन्ह देऊन रीड कमांडने ओळ तोडली तर शेवटचं एकटं चिन्ह गळून पडतं आणि डिक्रिप्ट फसतं. 16 ते 31 बाइटच्या पासवर्डला शेवटी चिन्हच नसतं, त्यामुळे तो बिनबोभाट चालतो, आणि माणूस चूक भलतीकडे शोधत बसतो. पूर्ण ओळ वाचा आणि पहिल्या बरोबरच्या चिन्हापर्यंतचा भाग पॅरामीटर एक्सपान्शनने (व्हेरिएबलमधला मजकूर कापण्याची बॅशची सोय) कापा. बदललेली ओळ सेडने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) घालणार असाल तर विभाजक म्हणून तिरकी रेघ नको. बेस64 मध्ये ती येतेच.

चाचणीत एक्झिट कोडवर (कमांड यशस्वी झाली की नाही ते सांगणारा आकडा) विसंबू नका. चुकीच्या कीनेही साधारण 256 पैकी एकदा त्रुटी न येता कचरा बाहेर पडतो. फाइलमध्ये माहीत असलेला एक शब्द एन्क्रिप्ट करून ठेवा, आणि स्क्रिप्टने आधी तो जुळतो का ते पाहावं; जुळला नाही तर तिथेच थांबावं.