भिंतीतलं मत्स्यालय: आधी मागची बाजू

भिंतीत मत्स्यालय हवं असणारे बहुतेक जण मला सोफ्यावर बसवतात आणि हॉलच्या भिंतीकडे बोट दाखवतात. मी आधी उठून त्या भिंतीपलीकडे काय आहे ते बघून येतो. शेजाऱ्याचा फ्लॅट असेल तर विषय तिथेच संपतो. बेडरूम असेल तर पंपाची घरघर रात्रभर कोण ऐकणार ते विचारावं लागतं. पॅसेज, स्टोअर रूम किंवा ड्राय बाल्कनी असेल तर मात्र टेप काढायला हरकत नाही.

पुण्यात बरीच वर्षं हे काम करतोय. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्यांदा एवढंच सांगतो, की भिंत टँक उचलत नाही. आपल्याकडची आतली भिंत चार ते सहा इंचांची आणि टँक दीड फूट रुंद. तो भिंतीमागे स्वतःच्या लोखंडी स्टँडवर उभा असतो आणि भिंतीला फक्त खिडकी पाडलेली असते. सगळी कसरत त्या खिडकीमागे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचं. तिथेही बघणाऱ्यांच्या वाट्याला भिंतीत बसवलेल्या काचाच यायच्या. घरात मात्र बघणाराही तुम्ही आणि मागे बादली घेऊन उभा राहणाराही तुम्हीच.

कोणती भिंत फोडता येते? जुन्या, भिंतींवरच उभ्या असलेल्या इमारतीत भिंतीला हात लावायचा नाही. नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेलं बांधकाम असेल तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात, त्यामुळे तिथेही नाही. कॉलम-बीमच्या सांगाड्यातली विटांची किंवा ब्लॉकची भिंत चालते. तरीही सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला घ्या. गवंडी ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला, याला सल्ला म्हणत नाहीत. खिडकीच्या वर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई लागतेच, आणि फोडण्याआधी त्या भिंतीतून वायरिंगचा पाइप गेला आहे का तेही तपासा.

आता वजन. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच टँक म्हणजे 12 घनफूट, काठोकाठ धरलं तर 340 लिटर पाणी. तेच 340 किलो. 12 मिमी काच चौरस मीटरला 30 किलो भरते, म्हणजे काचच 75-80 किलो झाली. वाळू, दगड, स्टँड मिळवला की पाचशे किलोच्या आसपास जातं, आणि हे सगळं सहा चौरस फुटांवर. घरातल्या खोल्यांसाठी स्लॅबचा वापराचा भार चौरस मीटरला साधारण 200 किलो धरलेला असतो. इथे तो साडेआठशेच्या वर जातो. भिंतीखाली बीम असेल तर बरीच काळजी मिटते. नुसता स्लॅब असेल तर इंजिनीअर सांगेल तेवढाच टँक, मग ग्राहक कितीही रुसो.

सगळ्यात जास्त भांडणं मी टँकच्या वरच्या जागेवरून केली आहेत. खिडकी सुबक दिसावी म्हणून इंटिरिअरवाले वर तीन-चार इंच सोडतात. एका घरी असाच तयार टँक बघायला गेलो होतो. झाकण पुरतं उघडत नव्हतं, जाळी आत जात नव्हती आणि मेलेला मासा काढायला घरातल्या सर्वांत लहान मुलाचा हात लागायचा. वर किमान सव्वा फूट मोकळी जागा हवी आणि मागे माणूस सरळ उभा राहील एवढी. लाकडी शटर बाहेर उघडणारी ठेवा आणि बंदिस्त कपाटात छोटा एक्झॉस्ट फॅन द्या. पाण्याची वाफ कुठेतरी जाणारच. वाट दिली नाही तर हॉलच्या रंगाला पोपडे धरतात आणि प्लाय फुगतो. प्लाय आयएस 710 चाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन ग्रेडचा घ्या. साध्या कमर्शियल प्लायवर सुतार अडून बसला तर सुतार बदला.

पाणी बदलायचाही विचार आधीच करा. आठवड्याला पाव टँक म्हणजे 75-80 लिटर, पंधरा लिटरच्या पाच बादल्या. सुरुवातीचा उत्साह ओसरला की त्या बादल्या कोणी उचलत नाही. जवळच्या बाथरूमपर्यंत एक पाइप आणि एक नळ आत्ताच काढून ठेवा, फरशी झाल्यावर नाही.

फिल्टर खाली संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या दुसऱ्या छोट्या टाकीत ठेवणार असाल तर वीज गेल्यावर काय होतं ते कागदावर मांडा. पंप थांबला की वरचं पाणी परतीच्या पाइपमधून, म्हणजे पंप ज्यातून पाणी वर टँकमध्ये सोडतो त्यातूनच, उलटं खाली येतं, त्या पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत. आपल्या मापाच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे साधारण 14 लिटर. तोंड चार इंच बुडलेलं असेल तर 56 लिटर खाली येणार. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते हॉलमध्ये. म्हणून पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवायचं. जोडणी झाली की मुद्दाम मेन स्विच बंद करून बघायचं, आणि तेही घरमालकासमोर.

टँक भिंतीत घट्ट चिणू नका. चारही बाजूंनी थोडी फट ठेवून वर लाकडी पट्टी मारा, म्हणजे उद्या काच बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही. टँकखाली फोमची शीट हवी आणि स्टँड स्पिरिट लेव्हलवर काटेकोर. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, त्यातलं औषध माशांना विषारी असतं. टँक जागेवर नेण्याआधी गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये काठोकाठ भरून दोन-तीन दिवस ठेवा.

विजेचे सॉकेट पाण्याच्या पातळीच्या वर, वायरीला खाली झोल देऊन म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही, आणि त्या लाइनला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. यात घासाघीस नाही. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. पुण्याच्या थंडीसाठी लिटरला साधारण एक वॉट हिशेबाने हीटर पुरतो. मुंबईत सहसा गरज पडत नाही.

दोन्हीकडून दिसणारा टँक हवा असतो अनेकांना. माशांना मात्र पाठीमागे आडोसा लागतो. मधोमध झाडं, लाकडाचे ओंडके असले तर ते बुजत नाहीत. वास्तूसाठी ईशान्येला अरोवाना हवा म्हणणारेही भेटतात. ईशान्येला बहुधा कॉलम निघतो, आणि सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो, शिवाय उड्या मारतो. दीड फूट रुंदीत त्याला वळताही येणार नाही. टेट्रा, एंजल, गप्पी यांत भागवा.

आणि पाणी भरलं त्याच दिवशी मासे आणू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणं सोपं आहे. पण माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की आधी पाच-सहा छोटे मासे, बाकीचे त्यानंतर हळूहळू. गृहप्रवेशाची तारीख ठरली असेल तर टँक त्याच्या दोन महिने आधी उभा राहायला हवा, हे इंटिरिअरवाल्याच्या वेळापत्रकात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.