‘नंतर विधिग्राह्य करून घेऊ’ : महापालिकेच्या ठरावांत आणि कर्जरोख्यांत या चुका टाळा

कामकाजात त्रुटी सापडली की कुणीतरी हमखास म्हणतं, “शासनाकडून विधिग्राह्य करून घेऊ.” विधिग्राह्यीकरण म्हणजे जे सदोष झालं ते पहिल्यापासून वैधच होतं, असं विधिमंडळाने पूर्वलक्षी प्रभावाने ठरवणं. अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य स्थानिक संस्थांच्या ठरावांसाठी आणि रोख्यांसाठी दरवर्षी असे कायदे करतं, एका वर्षात तीन. आपल्याकडे अशी वार्षिक सोय नाही. त्या त्या चुकीसाठी वेगळा कायदा लागतो, आणि तो करायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर.

कुठली चूक सांधते?

स्वतःला एक प्रश्न विचारा : मोडलेली अट विधिमंडळाने मुळात घातलीच नसती तर चाललं असतं का? सभेच्या नोटिशीत दिवस कमी पडले, प्रसिद्धी चुकीच्या नमुन्यात झाली, अशा चुका सांधतात. अधिकारच नसताना केलेली कर आकारणी तशी सांधत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही. तिथे आधी आधार निर्माण करावा लागतो.

गुजरातमध्ये हेच झालं. जमीन-इमारतींवरचा ‘रेट’ (नगरपालिकेचा मिळकत कर) वार्षिक भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर लावला, म्हणून न्यायालयाने आकारणी फेटाळली. मग 1963 मध्ये विधिग्राह्यीकरणाचा कायदा आला. भडोच नगरपालिकेविरुद्धच्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये तो उचलून धरला आणि मर्यादाही आखून दिली. ‘न्यायालयाचा निकाल लागू नाही’ एवढंच लिहून भागत नाही. निकाल ज्या पायावर उभा होता, तो पायाच कायद्याने बदलावा लागतो.

‘पूर्वमंजुरी’ नंतर घेणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. कायद्यात नुसतं ‘मंजुरी’ असेल तर कार्योत्तर मान्यतेला काही जागा असते. ‘पूर्व’ हा शब्द आला की ती जागा जवळपास संपते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 109 नुसार कर्ज उभारायला राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते.

पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटींचे रोखे 7.59 टक्के दराने, 10 वर्षांच्या मुदतीने काढले. एकूण योजना 2,264 कोटींच्या कर्जरोख्यांची होती. अशा टप्प्याटप्प्याच्या उभारणीत मंजुरी एकूण रकमेला आहे की पहिल्याच टप्प्याला, हे प्रत्येक वेळी मूळ पत्र काढून बघा. मागच्या टिपणीवरून उतरवू नका. मुख्य सभेचा ठराव, शासनाचं पत्र, पतमानांकन अहवाल आणि गुंतवणूकदारांसाठीचं माहितीपत्र समोरासमोर ठेवा. रक्कम, उद्देश, मुदत आणि तारण दिलेलं उत्पन्न या चार गोष्टी चारही कागदांत जुळल्या पाहिजेत. बहुतेकदा गडबड उद्देशात होते : ठरावात मोघम ‘पाणीपुरवठा’, माहितीपत्रात मात्र नेमकी योजना. तारखांचा क्रमही तपासा. ठराव आधी, पत्र नंतर, रोख्यांचं वाटप सर्वांत शेवटी.

उपसूचना आणि इतिवृत्त

मूळ विषय रस्त्याचा आणि चिकटलेली उपसूचना (म्हणजे प्रस्तावात सुचवलेला बदल) उद्यानाच्या निविदेची. कार्यपत्रिकेवर नसलेला विषय असा मागच्या दाराने आला, तर ज्यांना नोटीस मिळायला हवी होती त्यांची हरकत खरी ठरते. उपसूचना मान्य झाल्यावर अंतिम ठरावाचा एकत्रित मजकूर सभेतच वाचून घ्या. ‘उपसूचनेसह मान्य’ एवढ्यावर सोडलं की पुढे प्रत्येक खातं आपापला अर्थ लावतं.

इतिवृत्त कायम करताना लेखनिकाची चूक सुधारता येते, न झालेला निर्णय घुसवता येत नाही. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. मूळ ठराव क्रमांक आणि तारीख देऊन ‘…ऐवजी … असे वाचावे’ असं शुद्धिपत्रक काढा. रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा. प्रशासकाच्या काळात मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकाच सहीत येतात. म्हणून आदेशात ‘कोणत्या अधिकारात’ हे नोंदवा.

जुनी प्रथा म्हणजे कायदा नव्हे

पुणेकरांना हे स्वतःच्या घरपट्टीवरून कळलं. स्वतः राहत असलेल्या मिळकतीला 40 टक्के सवलत 1970 पासून महापालिकेच्या ठरावावर चालत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, शासनाने ठराव रद्द केला, आणि 2019 पासून अनेकांना पूर्ण दराची बिलं आली. 2023 मध्ये शासनाने सवलत पुन्हा दिली, पण अनेकांना पीटी-3 अर्ज भरून स्वतः राहत असल्याचं सिद्ध करावं लागलं. ठराव किती वर्षं जुना आहे, याला लेखापरीक्षक किंमत देत नाही. तो कलम विचारतो.

विधिग्राह्यीकरणाचा कायदा हातात आला तर

शीर्षक वाचून थांबू नका. कोणत्या तारखांमधल्या कृती वाचवल्या आहेत? कोणत्या संस्थांच्या? मूळ कलम खरोखर बदललं आहे, की फक्त ‘वैध मानण्यात येईल’ एवढंच म्हटलं आहे? प्रलंबित दाव्यांना तो लागू आहे का, आणि भरलेल्या रकमेचा परतावा मागायला मनाई आहे का? फौजदारी दंडाचा भाग वेगळा काढून बघा, कारण अनुच्छेद 20 मुळे काल गुन्हा नसलेली गोष्ट आज मागच्या तारखेने गुन्हा करता येत नाही. ‘सदस्यत्वाची जागा रिकामी असल्याने कामकाज अवैध ठरणार नाही’ हे संरक्षक कलमही पुष्कळजण ताणतात. ते रिक्त जागेपुरतंच आहे. गणपूर्तीच (सभेला लागणारी किमान उपस्थिती) नसेल तर त्याचा आधार घेता येत नाही, म्हणून हजेरीपटावर सभा सुरू झाल्याची वेळ आणि त्या क्षणाची उपस्थिती लिहून ठेवा.