पोर्तुगालला निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी महिना ठरवा. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस कोसळत असतो तेव्हा पोर्तुगालचं आभाळ कोरडं, निळंशार असतं. तरी ऑगस्ट टाळा. तेव्हा दक्षिणेच्या अल्गार्व्ह किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, खोल्यांचे भाव चढतात आणि एव्होरासारख्या आतल्या गावात पारा चाळिशीला टेकतो. जून चांगला, पण सप्टेंबर माझ्या मते त्याहून चांगला, कारण अटलांटिकचं पाणी उन्हाळाभर हळूहळू तापतं आणि सप्टेंबरात कुठे ते अंगाला सोसवतं. जूनमध्येच जायचं असेल तर 13 तारखेचा संत अंतोनियोचा सण लक्षात ठेवा. आदल्या रात्री लिस्बनच्या जुन्या गल्ल्यांत सार्डिन मासे भाजण्याचा धूर असतो, लोक नाचत असतात. तो सोहळा पाहायचा असेल तर खोली फार आधी धरावी लागते.

मग क्रम. शहरं आधी ठेवा, समुद्र शेवटी. आईला घेऊन गेलो तेव्हा आम्ही असंच केलं. लिस्बन, सिंत्रा, एव्होरा पायी पाहून तिचे गुडघे बोलू लागले होते, आणि शेवटचे चार दिवस वाळूत पाय पसरून बसण्याचं सुख तिला खऱ्या अर्थाने तेव्हाच मिळालं. उलट केलं असतं तर चढणीच्या गल्ल्या तिच्याच्याने झाल्या नसत्या.

पोर्तुगालला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसही लागू शकतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत, आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. बँकेचं स्टेटमेंट, रजेचं पत्र, हॉटेलची बुकिंगं आणि दिवसवार आराखडा यांतल्या तारखा एकमेकींशी जुळतात ना, हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, तेव्हा हे सगळे कागद हातातल्या बॅगेत ठेवा.

तिकिटांपैकी सिंत्राच्या पेना महालाचं आधी काढा. त्याच्यावर आत जाण्याची वेळ छापलेली असते आणि ती पाळावी लागते. बागेच्या दारापासून महालापर्यंत चढण आहे, तो वेळ धरूनच निघा. लिस्बनचा जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, त्यामुळे तो ज्या बेलें भागात आहे, तिथला दिवस सोमवारी ठेवू नका. हा मठ मी कुणालाही चुकवू देणार नाही. वास्को द गामाची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे, आणि पूर्वेच्या व्यापारावर लावलेल्या 5 टक्के कराच्या पैशातून हे नाजूक कोरीवकाम उभं राहिलं. त्या व्यापारात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची मिरी होती. जाण्यापूर्वी एखादा रविवार वसईच्या किल्ल्यात घालवा. 1739 साली चिमाजी अप्पांनी तो घेतला, त्याआधी दोनशे वर्षं तिथे पोर्तुगीज होते. त्या पडक्या चर्चच्या कमानी पाहून गेलात की तिकडच्या कमानी ओळखीच्या वाटतात.

बूट हा सामानातला सर्वांत महत्त्वाचा जिन्नस. तिकडचे फुटपाथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांनी बांधलेले असतात. वर्षानुवर्षं पाय घासून ते गुळगुळीत झालेत, उतारावर ते सुके असले तरी पाय निसटतो. तेव्हा रबरी, पकड असलेला तळवा हवा आणि बूट निघण्याआधी महिनाभर घालून सैल झालेले हवेत. नवे कोरे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालू नका. चाकांची मोठी बॅग या दगडांवर ओढणं म्हणजे शिक्षा आहे; दोन लहान बॅगा परवडल्या. चर्चसाठी खांदे झाकणारी ओढणी घ्या. लिस्बनच्या 28 नंबरच्या ट्राममध्ये पाकीटमार फिरतात, म्हणून पासपोर्ट पोटाजवळच्या पाऊचमध्ये राहू द्या.

दोन गोल पिनांचा अडॅप्टर इथूनच घ्या, आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही. कार्ड वापरताना मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांत दर वाईट लागतो. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव असावं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रिकामी बाटली न्या. अडचणीत 112 ला फोन करा.

खाण्याची तयारी शाकाहारी माणसाने जरा जास्त करावी. ‘सें कार्न, सें पेश’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं कागदावर लिहून न्या. दोन्ही म्हणावं लागतं, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर समोर मासा येऊ शकतो. काल्दू व्हेर्द नावाचं हिरव्या पानांचं सूप दिसायला निरुपद्रवी असतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. ‘शमुसा’ म्हणून काचेत मांडलेला पदार्थ म्हणजे आपला समोसाच, गोव्याच्या वाटेने तिकडे पोचलेला, मात्र आत बहुधा मांस. बसल्याबरोबर टेबलावर येणारे पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात, नको असतील तर हात न लावता परत पाठवा, कुणी रागावत नाही. आणि मेनू वाचताना घाबरू नका. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले, कानाला लगेच लागतात. फक्त ‘पेरा’ मागितलंत तर पेरू येणार नाही, नासपती येईल.

आता समुद्र. लिस्बनहून अल्गार्व्हमधल्या फारोला रेल्वेने तीनेक तास लागतात, तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. मुलं बरोबर असतील तर मी ताविरा सुचवेन. बोटीने पलीकडच्या बेटावर जायचं, तिथे लांबच लांब सपाट वाळू आहे. लागुशचे पिवळे कडे फोटोत जास्त देखणे, पण त्यांच्या पायथ्याशी सावलीला बसू नका. हे मी कळकळीने सांगते. हा दगड ठिसूळ आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये आल्बुफैराजवळ कडा कोसळून पाच माणसं गेली. धोक्याच्या पाट्या दिसल्या की तेवढं अंतर राखा, सावलीसाठी छत्री भाड्याने घ्या. भरतीच्या वेळा रोज सकाळी पाहा, कारण कड्यांमधल्या छोट्या पुळणी भरतीत पाण्याखाली जातात आणि परतीची वाट बंद होते. लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊलही नको, पिवळ्याला पोहायचं नाही, हिरव्याला पोहा. निळा-पांढरा चौकटीचा बावटा म्हणजे जीवरक्षक तात्पुरते जागेवर नाहीत. वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही आणि संध्याकाळी खांदे सोललेले असतात. सनस्क्रीन दर दोन तासांनी.

शेवटची संध्याकाळ साग्रेशच्या पुढच्या साओ व्हिसेंत टोकासाठी राखून ठेवा, युरोपचा नैर्ऋत्य कोपरा. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास बुडतो आणि वारा असा असतो की उभं राहवत नाही. जाड जॅकेट, कानटोपी घ्या, आणि परतीची गाडी दुपारीच ठरवून ठेवा.