क्रॉनिक फटीग सिंड्रोम: वाचताना ओळी हलतात, यावर मला लागू पडलेला उपाय

मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार आहे. त्यातलं एक लक्षण असं: थोडं वाचलं की ओळी हलायच्या, अक्षरं एकमेकांत मिसळायची, तीच ओळ पुन्हा वाचली जायची. तक्त्यावर मात्र नजर ६/६. नवा चष्मा, थेंब, मोबाइलचा डार्क मोड, कशानेच फरक पडला नाही. ‘डोळे उत्तम आहेत’ हे ऐकून रडू यायचं.

या आजारात डोळ्यांच्या हालचालींत दोष आढळतात, हे लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं. रेघांच्या नक्षीने होणारा त्रास २०१५ मध्ये. छापील ओळी म्हणजे रेघांची नक्षीच.

आधी ऑर्थॉप्टिस्टकडून (डोळ्यांच्या हालचाली तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून) दोन्ही डोळ्यांच्या समन्वयाची तपासणी करून घेतली, तीही दुपारी, थकलेली असताना. ताज्या डोळ्यांत दोष झाकला जातो. जवळ बघताना डोळे पुरेसे आत वळत नव्हते. पेन्सिल हळूहळू नाकाजवळ आणत तिच्यावर नजर ठेवण्याचा व्यायाम सुचवला गेला, पण श्रमांनंतर हा आजार बळावतो, म्हणून तज्ज्ञांशी बोलून फक्त वाचनासाठी बेस-इन प्रिझमचा (डोळ्यांना आत वळायचे कष्ट कमी करणाऱ्या भिंगांचा) चष्मा घेतला. मग काळ्या पुठ्ठ्यात दोन ओळी दिसतील एवढी खाच कापली. ती पानावरून खाली सरकवत वाचते. स्क्रीनवर अक्षर मोठं, ओळींतलं अंतर दीडपट, पार्श्वभूमी फिकट पिवळी. शेवटी टायमर: पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं डोळे मिटून. त्रास सुरू व्हायच्या आधीच थांबायचं. ही पायरी अजिबात गाळू नका.

प्रिझमचा नंबर प्रत्येकाचा वेगळा असतो, माझा विचारू नका. आणि अचानक दुहेरी दिसू लागलं तर आधी डॉक्टर गाठा.