सूत्रातील हवी ती राशी एकटी कशी करावी

दीपस्तंभावरून क्षितिज किती दूर दिसेल, हे अ = √(२ × त × उ) या सूत्राने बऱ्याच अचूकपणे काढता येते. येथे अ म्हणजे क्षितिजाचे अंतर, त म्हणजे पृथ्वीची सुमारे ६,३७१ किलोमीटर त्रिज्या आणि उ म्हणजे समुद्रसपाटीपासून डोळ्यांची उंची. हवेतील वक्रीभवन यात धरलेले नाही. रत्नागिरीच्या किंवा देवगडच्या किनाऱ्यावर मात्र प्रश्न उलटाही पडू शकतो: क्षितिज २० किलोमीटरवर हवे असेल, तर किती उंच चढावे लागेल?

त्यासाठी उ एकटा करायचा. प्रथम उ वर कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने झाल्या आहेत ते पाहावे: आधी २ × त ने गुणाकार आणि मग वर्गमूळ. त्या उलट क्रमाने सोडवायच्या असल्याने आधी दोन्ही बाजूंचा वर्ग करून अ² = २ × त × उ मिळवावे आणि नंतर दोन्ही बाजूंना २ × त ने भागावे, म्हणजे उ = अ² / (२ × त) असे सूत्र हाती येते. आता किंमती घालाव्यात, आधी नव्हे. ४०० भागिले १२,७४२ म्हणजे ०.०३१४ किलोमीटर, अर्थात सुमारे ३१ मीटर.

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हा पाठ केलेला नियम मला घातक वाटतो, कारण त्याच्या भरवशावर मुले गुणाकारातील २ सुद्धा उणे करून टाकतात. दोन्ही बाजूंवर एकच क्रिया केली, असे प्रत्येक ओळीला म्हणता आले पाहिजे.

खरी अडचण येते ती हवे ते अक्षर दोनदा आल्यावर. हापूसच्या बागेसाठी कर्ज घेणाऱ्या बागायतदाराला, द.सा.द.शे. ८ दराने दीड वर्षानंतर ५६,००० रुपयांत मुद्दल आणि सरळव्याज दोन्ही फेडायचे असेल, तर किती कर्ज घ्यावे? रास र, मुद्दल म, दर द आणि काळ क मानल्यास र = म + (म × द × क) / १००. नुसते म वजा करून येथे काहीच साधत नाही, कारण दुसरा म उजवीकडेच उरतो. म्हणून दोन्ही बाजूंना १०० ने गुणावे आणि म सामाईक काढावा: १०० × र = म × (१०० + द × क). कंसाने भागल्यावर म = (१०० × र) / (१०० + द × क). येथे कंस ११२ होतो आणि मुद्दल ५०,००० रुपये येते. मूळ सूत्रात घालून पडताळावे: व्याज ६,००० आणि रास ५६,०००.