तंबू आतून ओला का होतो?

डिसेंबर-जानेवारीत वेल्ह्याजवळ तोरण्याच्या पायथ्याला मुक्काम केला की सकाळी तंबू आतून ओला दिसतो आणि दोष कापडाला दिला जातो. बहुतेक वेळा ते पाणी आपल्याच श्वासाचं असतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन लावल्या की वाफ कोंडते आणि गार कापडावर थेंब धरतात. म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा, जाळी मात्र पूर्ण बंद. वरचं कापड ताणून बांधा. ते आतल्या कापडाला टेकलं तर स्लीपिंग बॅग भिजलीच! ओढ्याकाठची खोलगट जागा टाळा, गार, दमट हवा तिथेच साचते. खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूबाहेर येऊ देऊ नका, दव त्यावरून बुडाखाली शिरतं. पुण्यात परतल्यावर गॅलरीत खडखडीत वाळवूनच घडी घाला, नाहीतर बुरशी धरते.